‘बाराच तर व्होल्ट आहेत!’

गॅरेजवाला, सीसीटीव्ही बसवणारा, सोलरचे दिवे लावून देणारा वायरमन, घरी काहीबाही जोडणारी हौशी पोरं. १२ व्होल्टशी खेळणाऱ्या प्रत्येकाकडे ठाम समजुतींचा एक साठा असतो. त्यातल्या बऱ्याच समजुती घरगुती २३० व्होल्टच्या वायरिंगमधून उचललेल्या असतात आणि तिथे त्या बरोबरही असतात. कमी व्होल्टच्या सर्किटमध्ये मात्र हिशोब फिरतो. ६० वॅटचा दिवा २३० व्होल्टवर साधारण पाव अँपिअर करंट घेतो. तेवढ्याच वॅटचा दिवा १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो. व्होल्ट उतरले की अँपिअर चढतात आणि तार तापते ती अँपिअरच्या वर्गाने: करंट दुप्पट, उष्णता चौपट. पुढच्या बहुतेक समजुती हा हिशोब न केल्यामुळेच तयार झाल्या आहेत.

गैरसमज : ‘बारा व्होल्टने काय होतंय?’

शॉक बसत नाही, हे खरं. कोरड्या हातांना १२ व्होल्ट जाणवतही नाहीत. आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये अतिकमी दाबाची वरची मर्यादा एसीला ५० व्होल्ट आणि डीसीला १२० व्होल्ट धरलेली आहे, आणि १२ तिच्या खूप खाली आहेत. पण शॉक न बसणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यूपीएसमध्ये असते ती विटेएवढी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. तिचा अंतर्गत रेझिस्टन्स साधारण २५ मिलिओहम असतो. दोन टोकांवर पाना आडवा पडला तर ओहमच्या नियमाने करंट निघतो ५०० अँपिअरच्या घरात. मोटारीच्या बॅटरीत हा आकडा हजाराच्या वर जातो, कारण स्टार्टरला दीडदोनशे अँपिअर पुरवायचे म्हणून तिचा रेझिस्टन्स मुद्दाम अगदी कमी ठेवलेला असतो. रस्त्याकडेला लोखंडी गेट जोडणारा वेल्डर काम करताना दांडीच्या टोकाशी वीस-तीस व्होल्टच वापरत असतो. लोखंड वितळतं ते अँपिअरमुळे. बोटात अंगठी किंवा मनगटात लोखंडी पट्ट्याचं घड्याळ असताना पाना फिरवला, पान्याचं एक टोक पॉझिटिव्हला आणि अंगठी बॉडीला टेकली, तर क्षणात अंगठी तापते आणि ती काढायला वेळ मिळत नाही. म्हणून बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी सोडायचा आणि लावताना शेवटी लावायचा. निगेटिव्ह सुटलेला असला की पाना बॉडीला लागला तरी करंटचा रस्ता पुरा होत नाही.

भर म्हणून, चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेलं की एक ठिणगी पुरते. बॅटरीत दम आहे का हे बघायला वायर टर्मिनलवर घासून ठिणगी पाडणारे उस्ताद अजूनही दिसतात. ठिणगीवरून बॅटरीची प्रकृती काही कळत नाही. तिथे गॅस साचलेला नव्हता, एवढंच कळतं.

गैरसमज : ‘१० अँपिअरचा फ्यूज १० अँपिअरला उडतो’

नाही उडत. १० काय, ११ अँपिअरलाही तो तासन् तास शांत बसून राहील. काचेच्या नळीतल्या झटपट उडणाऱ्या, लहान आकड्याच्या फ्यूजसाठी आयईसी ६०१२७ या मानकाची अट अशी आहे की छापलेल्या आकड्याच्या दीडपट करंट त्याने किमान एक तास सोसलाच पाहिजे. २.१ पट झाला तर अर्ध्या तासाच्या आत तो जायला हवा, आणि दहापट झाला तर २० मिलिसेकंदांत. अमेरिकी यूएल मानकाचा हिशोब निराळा: १३५ टक्के करंटला एका तासाच्या आत फ्यूज गेला पाहिजे. म्हणजे ‘२ अँपिअर’ असं छापलेले दोन फ्यूज शेजारी ठेवले तरी, कोणत्या मानकाने बनवलेत हे पाहिल्याशिवाय, ते सारखे आहेत असं म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. फ्यूज उपकरणाला वाचवण्यासाठी नसतोच. तो तारेला वाचवण्यासाठी असतो. मॉसफेट किंवा ट्रान्झिस्टर शॉर्टमध्ये मायक्रोसेकंदांत मरतो, फ्यूजची तार वितळायला मिलिसेकंद लागतात. फ्यूज जागा होईपर्यंत आतला कारभार आटोपलेला असतो. म्हणून फ्यूजचा आकडा ठरवताना आधी तारेची जाडी पाहायची आणि मग लोड: लोडपेक्षा थोडा जास्त, तारेच्या सोसण्यापेक्षा कमी. आणि फ्यूज बसवायचा बॅटरीपासून वीतभर अंतरात. डॅशबोर्डाखाली हाताला सोयीचा पडतो म्हणून तिथे लावला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची दीड-दोन मीटर तार उघड्यावर. ती कुठे घासली, पत्र्याला लागली, तर तिच्यामागे कोणी नाही.

गाड्यांमधल्या पात्याच्या फ्यूजना रंग ठरलेले आहेत: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. लाल उडाला आणि डब्यात पिवळा शिल्लक होता म्हणून पिवळा घातला, की झालं. आता तार हाच फ्यूज. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याबद्दल तर बोलायलाच नको. तीही तापून कधीतरी तुटेल, पण किती अँपिअरला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मग वारंवार उडणाऱ्या फ्यूजचं करायचं काय? जुन्या गॅरेजवाल्यांची एक युक्ती कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा सरस आहे. फ्यूजच्या जागी ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा दिवा जोडायचा. त्या सर्किटवरचा लोड बंद ठेवायचा. शॉर्ट असेल तर दिवा लखलखीत पेटतो, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही. तार तापत नाही, काही जळत नाही. मग लोडच्या टोकाकडून मागे येत एकेक कनेक्टर सोडायचा, हार्नेस हलवायचा. ज्या कनेक्टरला दिवा विझला, त्याच्या पुढच्या तुकड्यात शॉर्ट. फ्यूजचं पाकीट संपवून जे सापडत नाही ते या दिव्याने पंधरा-वीस मिनिटांत सापडतं. नवीन बनवलेलं सर्किट पहिल्यांदा चालू करतानाही हाच दिवा सिरीजमध्ये टाकावा. करंटची मर्यादा ठरवता येणारा पॉवर सप्लाय हाताशी असेल तर उत्तमच: १२ व्होल्ट, १०० मिलिअँपिअर लावायचे आणि मगच बटण दाबायचं.

गैरसमज : ‘फ्यूज म्हणजे फ्यूज, एमसीबी म्हणजे एमसीबी, डीसीला वेगळा कशाला?’

एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. संपर्क उघडताना पेटलेली ठिणगी त्या शून्याला आपोआप विझते. डीसीत शून्य येतच नाही. संपर्क लांब जाईपर्यंत ठिणगी टिकून राहते. १२ व्होल्टला हा त्रास फारसा नाही. ४८ व्होल्टच्या ई-रिक्षात किंवा सोलर पॅनेलच्या माळेत मात्र तो चांगलाच जाणवतो. गाडीच्या पात्याच्या फ्यूजवर साधारणपणे ३२ व्होल्ट छापलेले असतात, आणि ती केवळ शोभा नाही: ४८ व्होल्टला तो फ्यूज वितळेल, पण करंट तोडेलच असं नाही. घरातला एसीचा एमसीबी सोलरच्या डीसीवर लावून ‘चालतंय की’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की तो चालू असताना चालतोच. प्रश्न तोडतानाचा आहे. डीसीच्या काही एमसीबींना पॉझिटिव्ह-निगेटिव्हची दिशाही असते. ती उलटी लावली तर आतलं चुंबक ठिणगीला बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढतं.

गैरसमज : ‘मीटरने पीं वाजलं, म्हणजे तार चांगली’

या समजुतीपायी जितके तास वाया गेले असतील तितके दुसऱ्या कशापायी गेले नसतील. म्हणून इथे जरा थांबू.

मल्टिमीटरची कंटिन्युइटी वाजते ती रेझिस्टन्स काही दहा ओहमांच्या खाली असला की. त्या वेळी मीटर तारेतून सोडतो मिलिअँपिअरभर किंवा त्याहून कमी करंट. लगच्या मुळाशी तारेचे सगळे धागे तुटले आणि केसाएवढा एकच उरला, तरी पीं वाजणारच. वरून इन्सुलेशन शाबूत, आत एक धागा. त्याच्यातून मिलिअँपिअर आनंदाने जातो, ५ अँपिअर जात नाही. मग दिवा मंद, मीटर खूश आणि मेकॅनिक बॅटरीवर संशय घेऊन बसलेला.

ओहमच्या रेंजवरही हे पकडता येत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.१ ते ०.५ ओहम असतो आणि इथला गुन्हेगार त्याच मापाचा आहे. मिलिओहम मोजायचे तर करंट दोन वेगळ्या तारांनी पाठवायचा आणि व्होल्टेज दोन वेगळ्या तारांनी मोजायचं. ही चार तारांची पद्धत लॉर्ड केल्विनच्या नावाने ओळखली जाते. महागडा मिलिओहम मीटर तेच करतो. पण साधा मल्टिमीटर असलेल्यालाही ती वापरता येते, फक्त मोजायचं सर्किट चालू असताना.

मोटारीचा ५५ वॅटचा हेडलाइट घ्या. तो लावलेलाच ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खांबावर), दुसरा दिव्याच्या पॉझिटिव्ह पिनेवर. आकडा दिसेल ते त्या वाटेत वाया गेलेलं व्होल्टेज. ०.२-०.३ असेल तर ठीक. १.२ दिसले तर वाट खराब आहे. आता दुसरा प्रोब बॅटरीकडे मागे मागे आणत जा: स्विचनंतर, स्विचआधी, फ्यूजनंतर, फ्यूजआधी, क्लॅम्पवर. जिथे आकडा एकदम पडतो, त्या दोन जागांच्या मधे रोग आहे. बहुतेक वेळा तो हिरवट चढलेल्या क्लॅम्पखाली किंवा सैल फ्यूजच्या पात्यात निघतो. हीच परीक्षा निगेटिव्हच्या बाजूनेही करायची. बॉडीच्या अर्थचा एक गंजलेला बोल्ट कित्येक भुताटक्यांचं मूळ असतो.

एवढा खटाटोप १.२ व्होल्टसाठी कशाला, असं वाटेल. हॅलोजन दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १० टक्के व्होल्टेज गेलं की उजेड ३० टक्के गेला. रात्री घाटात ते तीस टक्के दिसतात.

गैरसमज : ‘ॲडाप्टरवर १२ व्होल्ट बरोबर येतायत, म्हणजे कॅमेराच खराब’

सीसीटीव्हीवाल्यांची ही ठरलेली तक्रार: कॅमेरा दिवसा छान चालतो, रात्री आपोआप बंद-चालू होतो. कॅमेरा बदलून होतो, तरी तेच.

हिशोब मांडू. तांब्याच्या ०.२ चौरस मिलिमीटर तारेचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे ८६ मिलिओहम. कॅमेरा ३० मीटरवर. जाऊन-येऊन तार ६० मीटर. म्हणजे पाच ओहमांच्या थोडं वर. दिवसा कॅमेरा समजा ०.३ अँपिअर घेतो: दीड व्होल्ट वाटेत गेले, साडेदहा पोचले, काम भागलं. अंधार पडला की इन्फ्रारेड एलईडी लागतात, करंट ०.६ वर जातो: तीन व्होल्ट वाटेत गेले, नऊ पोचले. कॅमेऱ्याचा मेंदू रीसेट होतो, एलईडी विझतात, करंट उतरतो, व्होल्टेज सावरतं, कॅमेरा उठतो, एलईडी लावतो, पुन्हा पडतो. तार तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल तर रेझिस्टन्स आणखी दीडपटीच्या आसपास. ॲडाप्टरवर मीटर लावून हे कधीच दिसणार नाही. मोजायचं कॅमेऱ्याच्या टोकाला, रात्री, कॅमेरा जोडलेला असताना.

यावर उपाय तीन: जाड तार, जवळ ॲडाप्टर, किंवा जास्त व्होल्टेज पाठवून टोकाला उतरवणं. नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारी पीओई पद्धत २००३ साली मानक झाली तेव्हा तिच्यासाठी ४८ व्होल्टच्या आसपासचा दाब धरला गेला. तारेतलं हे नुकसान टाळणं हे त्यामागचं एक मोठं कारण आहे.

ॲडाप्टरबद्दल आणखी एक. जुने ट्रान्सफॉर्मरचे ॲडाप्टर लोड नसताना १२ च्या जागी १६-१७ दाखवतात. तो बिघाड नव्हे, त्यांचा स्वभाव. उलट आजच्या एसएमपीएस (स्विचिंग) ॲडाप्टरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकला तर मीटर १२.०० दाखवतो आणि सर्किट वेड्यासारखं वागतं, कारण डीसी रेंज सरासरी दाखवते, तिच्यावरची खळबळ नाही. एसी रेंज लावून ती दिसेल म्हणावं, तर स्वस्त मीटरची एसी रेंज काहीशे हर्ट्झपर्यंतच विश्वासाची, आणि एसएमपीएसची खळबळ दहा-वीस हजार हर्ट्झच्या पुढची. तिथे ऑसिलोस्कोपच लागतो. तो नसेल तर चांगला कपॅसिटर समांतर लावून पाहणं हा रांगडा पण चालणारा मार्ग. ध्रुवता आणि व्होल्टेज सांभाळून, अर्थात.

आणि ‘५ अँपिअरचा ॲडाप्टर लावला तर अर्ध्या अँपिअरचा राउटर जळेल’ ही भीती साफ खोटी. व्होल्टेज जुळलं की करंट किती घ्यायचा ते राउटर ठरवतो.

गैरसमज : ‘मीटर म्हणतो १२.६, म्हणजे बॅटरी ठणठणीत’

१२.६ म्हणजे बॅटरी चार्ज आहे, एवढंच. तिच्यात दम आहे का, हा प्रश्न वेगळा. सल्फेट चढलेली बॅटरीही मोकळी असताना १२.६ दाखवते, मीटर तिच्याकडून मागतो तरी किती? मायक्रोअँपिअर. लोड टाकून बघा. मोटारीच्या बॅटरीची रूढ परीक्षा अशी: तिच्यावर लिहिलेल्या क्रँकिंग अँपिअरच्या निम्मा लोड १५ सेकंद द्यायचा आणि साध्या हवामानात व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. टेस्टर नसेल तर दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगून आपण मीटर बघायचा. स्टार्टर फिरताना आकडा नऊच्या खाली बुडत असेल तर बॅटरी किंवा तिचे सांधे, दोघांपैकी एक आजारी आहे.

याच घराण्यातला एक जुना उपद्व्याप: इंजिन चालू ठेवून बॅटरीची केबल काढायची, गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला. कार्ब्युरेटरच्या काळात हे खपून गेलं. आज ते करू नये. बॅटरी चार्ज होत असताना एकदम सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं. आयएसओ १६७५०-२ या मानकात १२ व्होल्टच्या गाडीसाठी, आवर न घातलेली ही उसळी ७९ ते १०१ व्होल्टची आणि ४०० मिलिसेकंदांपर्यंत टिकणारी धरली आहे. अल्टरनेटरमध्येच आवर असला तर ती ३५ च्या आसपास थांबते. पण आपल्या गाडीत तो आवर आहे की नाही हे केबल उपटून शोधण्याची गरज नाही. चालू इंजिनवर बॅटरीच्या खांबांवर मीटर लावा; १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला की अल्टरनेटर काम करतोय.

गाडीत स्वतःचं काही सर्किट बसवत असाल तर या उसळीसाठी टीव्हीएस डायोड लावा आणि तो फ्यूजच्या नंतर लावा. उसळी आली तर डायोड ती पिऊन टाकतो. फार वेळ टिकली तर तो बहुधा शॉर्ट होऊन मरतो आणि फ्यूज उडवतो. कोणी पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे जोडले तर एकाच दिशेचा टीव्हीएस साध्या डायोडसारखा वाहू लागतो, पुन्हा फ्यूजच जातो. फ्यूज एकटा जे वाचवू शकत नाही ते ही जोडी वाचवते.

गैरसमज : ‘डिजिटल मीटर आहे, चुकेल कसा?’

चुकतो, आणि चार आकड्यांपर्यंत ठासून चुकतो. पिवळा, हातात मावणारा, सगळीकडे मिळणारा स्वस्त मीटर बघा. आतली ९ व्होल्टची बॅटरी फार उतरली की तो आकडे जास्त दाखवू लागतो. ठणठणीत वाटणारी प्रत्येक गोष्ट अचानक १४-१५ व्होल्ट दाखवू लागली तर आधी मीटर उघडा. २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर तो सर्किटमध्ये स्वतःचा सुमारे एक ओहम घुसवतो. ३.३ व्होल्टवर चालणारं वायफायचं इवलंसं मोड्यूल, करंटचा झटका आला की त्या एका ओहमामुळेच रीसेट होतं, आणि दोष मोड्यूलला लागतो. शक्य तिथे १० अँपिअरच्या रेंजवर मोजा, किंवा माहीत असलेला लहान रेझिस्टर कायमचा टाकून त्याच्यावरचे मिलिव्होल्ट वाचा. क्लॅम्प मीटरबद्दल तर दोनच वाक्यं: साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, डीसीसाठी हॉल सेन्सरचा लागतो. आणि जबड्यात दोन्ही तारा धरल्या तर उत्तर शून्यच येणार.

सगळ्यात महागात पडणारी चूक शेवटी. करंट मोजून झाला, लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकातच राहिला, आणि माणूस बॅटरीचे व्होल्ट बघायला गेला. त्या भोकाच्या आत ओहमाचा शंभरावा भाग असतो. बॅटरीच्या दृष्टीने तो आडवा पडलेला पानाच. चांगल्या मीटरमध्ये तिथे वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज असतो. तो उडाला की तशाचाच घालावा, काचेचा साधा फ्यूज नव्हे. स्वस्त मीटरवर त्याच भोकाशेजारी बारीक अक्षरांत ‘अनफ्यूज्ड’ छापलेलं असतं, आणि जोडीला दर १५ मिनिटांत जास्तीत जास्त १० सेकंद, अशी तंबी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की पुण्याच्या तपकीर गल्लीत, मीटर घेताना दुकानात उभं राहूनच ती अक्षरं वाचा. आणि घेतलाच तसा मीटर, तर त्याच्या लाल प्रोबच्या वाटेत १० अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट टाकून घ्या. १२ व्होल्टच्या कामाला तेवढं पुरतं. तो मीटर २३० व्होल्टच्या बोर्डावर मात्र नेऊ नका.